मागचं दार मोकळं ठेवा

बाईंकडे आम्ही पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा त्यांनी पाणी विचारायच्या आधी आम्हाला जिना दाखवला. आम्ही आलो तो नव्हे, दुसरा. बहरीनमधल्या सनाबिस भागातल्या त्यांच्या मुलीच्या फ्लॅटबाहेर, लिफ्टला वळसा घालून, त्यांनी आम्हाला एका जड दारापाशी नेलं, दार खांद्यानं ढकलून दाखवलं आणि म्हणाल्या, "काय झालं तर हितनं उतरायचं. लिफ्टकडं बघायचं बी न्हाई. आता या, बसा. तांबडा रस्सा चालतोय न्हवं?"

माझी बायको सदाशिव पेठेतली. जेवायला बोलावून आधी पळायची वाट दाखवणारं घर तिनं पाहिलं नव्हतं. परत येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "रस्सा मात्र सुंदर होता."

बाई म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या बाई. त्यांना नाव होतं, आडनाव होतं, करारावर ते मी कित्येकदा वाचलंही आहे. पण त्या नावानं कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. साठी ओलांडलेली, ठेंगणी, कोल्हापूरकडची. अंगावर साडी आणि पायात नर्सेस घालतात तसले पांढरे बूट. एका हातात किल्ल्यांचा जुडगा आणि खांद्याला एक भली मोठी पर्स.

बाब अल बहरीनच्या कमानीतून जुन्या बाजारात शिरून सोन्याची दुकानं मागे टाकली की एका गल्लीत आमची ती तीन मजली इमारत. तळाला शेटचं कापडाचं दुकान. शेट गुजराती, तीन पिढ्या इथलेच. पहिल्या मजल्यावर मामांचं टेलरिंग. मामा खेडचे, युनिफॉर्म शिवतात. सगळ्यात वर माझं हिशेब लिहून देण्याचं छोटं ऑफिस. इमारत बाईंच्या मालकीची नव्हती. ती एका वृद्ध बहरीनी गृहस्थांची, ज्यांना आम्ही सगळे मालक म्हणायचो. बाईंच्या यजमानांनी ती अख्खी भाड्यानं घेऊन गाळे पोटभाड्यानं दिले होते. यजमान गेले आणि इमारत बाईंच्या गळ्यात पडली. भावानं फोन करून सांगितलं, आता गावी परत ये. बाई म्हणाल्या, "येऊन काय करू? तुझ्या बायकोसंगं टीव्ही बघू?"

आणि त्या राहिल्या.

आता इमारतीत आग लागू नये म्हणून कोणी काय करायचं, हे करारात नीट लिहिलेलं असतं. जिना, बाहेर पडायचे रस्ते, धोक्याची घंटा, भिंतीवरचे लाल सिलिंडर हे मालकाकडे. गाळ्याच्या आतल्या वायरी, आतला माल, आतली माणसं हे गाळेवाल्याकडे. कागदावर हे फार सोपं दिसतं. बाई मालकही नव्हत्या आणि गाळेवाल्याही नव्हत्या, त्यामुळे कागदातली सगळी फट त्यांच्या वाट्याला आली. "माझं काय झालंय म्हाईत हाय का पुणेकर?" त्या मला म्हणायच्या. "दोन घरचा पाव्हणा. मालक म्हणतोय ते भाडेकरूचं काम, भाडेकरू म्हणतोय मालकाचं. आग काय करार वाचून येती व्हय?"

म्हणून त्यांनी सगळंच स्वतःकडे घेतलं. रोज सकाळी त्या वास घेत इमारत चढायच्या. खरोखरच वास घेत. दारात उभं राहून नाक वर करायचं, डोळे मिटायचे, मग "हं" म्हणून पुढं जायचं. माझ्या ऑफिसात एखादा क्लायंट बसलेला असायचा, व्हॅटचं काहीतरी गंभीर चाललेलं असायचं, आणि दारात ही बाई डोळे मिटून उभी. क्लायंटना वाटायचं, इमारतीत काहीतरी साधना चालते.

त्यांचा खरा शत्रू म्हणजे आपल्याकडचा गोल पिनांचा प्लग. गावाहून येताना प्रत्येक जण मिक्सर आणतो, गणपतीची माळ आणतो, डास मारायचं यंत्र आणतो. इथल्या चौकोनी भोकांच्या सॉकेटमध्ये ते बसत नाही. मग आपला माणूस काय करतो? वरच्या भोकात बॉलपेनचं टोक खुपसतो, झडप उघडते, आणि दोन पिना दाबून आत बसवतो. आखातात राहिलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ही विद्या येते आणि ती कोणी शिकवलेली नसते. असा प्लग दिसला की बाई एक शब्दही बोलत नसत. उपटायचा, वायरीसकट गुंडाळायचा आणि पर्समध्ये टाकायचा. वस्तू परत हवी असेल तर नवा प्लग लावून घेऊन यायचं. माझा मोबाइल चार्जर, मामांचा रेडिओ, शेटच्या देवघरातली लुकलुकणारी माळ, सगळं त्या पर्समधून जाऊन आलेलं आहे.

लक्ष्मीपूजनाचीही एक गंमत आहे. आम्ही ऑफिसात संध्याकाळी पूजा करायचो, समई लावायचो आणि मग दार ओढून घरी फराळाला जायचो. समई तशीच. दिवा विझवणं बरं दिसत नाही, आणि लक्ष्मी यायची तर उजेड हवा. पहिल्याच वर्षी बाईंनी मला जिन्यात गाठलं.

"दिवा?"

"चालू आहे. विझवत नाहीत ना बाई."

"विझवू नका. बसा."

"किती वेळ?"

"तेल हाय तवर. लक्ष्मीला अंधाराची भीती न्हाई वाटत पुणेकर, जाळाची वाटती. पुढल्या साली तेल कमी घाला. दिवा आपनहून शांत झाला पायजे, अन् तवा आपण म्होरं पायजे."

मी, बायको आणि बाई, आम्ही तिघं समईसमोर बसून राहिलो. बाईंनी पर्समधून चिवडा काढला. तेव्हापासून मी पळीनं मापून तेल घालतो. आरती, प्रसाद, थोड्या गप्पा, आणि दिवा आपण होऊन मावळतो. लक्ष्मी नाराज झाल्याचं अजून तरी जाणवलेलं नाही.

पण बाईंची खरी ख्याती होती ती मिसळीमुळे.

इतर इमारतींमध्ये आगीचा सराव म्हणजे एक कंटाळवाणी घंटा. माणसं खिडकीतून डोकावतात, "टेस्ट आहे" म्हणतात आणि परत बसतात. आमच्याकडे महिन्यातून एखाद्या सकाळी घंटा वाजायची आणि तिच्याबरोबर जिन्यातून मटकीच्या कटाचा वास वर यायचा. कोपऱ्यावरच्या मोकळ्या पार्किंगमध्ये बाई पातेलं घेऊन उभ्या असायच्या. अट एकच, हात मोकळे असतील त्यालाच प्लेट. कोणी फोन घेऊन उतरला, कोणी बॅग घेऊन उतरला, तर तो उपाशी. "जळणाऱ्या घरातनं काय काय घेऊन येनार हायसा? जीव घेऊन या, बास झालं." मी पहिल्या खेपेला लॅपटॉप घेऊन उतरलो आणि सगळ्यांना खाताना बघत बसलो. शेट गल्ल्याची पिशवी घेऊन आले, त्यांचंही तेच. मामांच्या गळ्यात मोजायची टेप होती, त्यावर बराच खल झाला. शेवटी "गळ्यात हाय, हातात न्हाई" असा निकाल लागला आणि मामांना जास्तीची तर्री मिळाली.

पाव त्या माणसं मोजून आणायच्या. सगळ्यांना वाढून पाव उरला, तर वर कोणीतरी राहिलं. एकदा उरला. माझा एक क्लायंट, फार सभ्य मल्याळी गृहस्थ, वर बाथरूममध्ये होता आणि लाजून ओ देत नव्हता. बाई स्वतः वर गेल्या, बाहेरून त्याच्याशी काहीतरी बोलल्या आणि त्याला खाली घेऊन आल्या. त्याचे हात ओले होते पण मोकळे होते. त्याला प्लेट मिळाली. तो गृहस्थ अजून माझा क्लायंट आहे. हिशेबापेक्षा मिसळीची चौकशी आधी करतो.

नातीच्या वाढदिवसाला त्यांच्या मुलीनं झल्लाकच्या एका रिसॉर्टमध्ये हॉल घेतला होता. समुद्र, फुगे, सगळं. आम्हालाही बोलावणं होतं. केक कापायची वेळ झाली आणि आजीचा पत्ता नाही. नात दाराकडे बघून कंटाळली. तेवढ्यात बाई आल्या, घामाघूम, पदरानं तोंड पुसत. मागचा जिना पार तळापर्यंत उतरून, वळसा घालून, पुढच्या दारानं परत आल्या होत्या.

"आजी, प्लीज, नॉट टुडे," नात म्हणाली.

"आज न्हाई तर कवा? आज तू हितं हायस न्हवं." आणि मग शांतपणे त्यांनी केक खाल्ला, दोनदा.

एवढं सगळं म्हटल्यावर कोणालाही वाटेल, बाईंच्या आयुष्यात कधीतरी मोठी आग लागली असणार. आमच्या इमारतीत त्यावर कथाच रचलेल्या होत्या. मामा म्हणायचे, माहेरचं गुऱ्हाळ जळलं. शेटना खात्री होती, नवऱ्याच्या रंगाच्या गोदामात काहीतरी झालं. मी एकदा सरळ विचारलं. त्या माझ्याकडे नवलानं बघत राहिल्या.

"काय न्हाई झालं. आमच्या घरात चुलीतली ठिणगी कधी भाईर आली न्हाई. का वो, कायतरी व्हायलाच पायजे का?"

आमची इमारतही कधी जळली नाही. म्हणजे ही आगीची गोष्ट नव्हेच, हे वाचणाऱ्यानं आताच समजून घ्यावं. ही एका दाराची गोष्ट आहे.

इमारतीच्या मागच्या बाजूला दुसरा जिना होता. तो खाली एका छोट्या बोळात उतरायचा आणि बोळातलं लोखंडी दार मागच्या गल्लीत उघडायचं. पुढचा जिना धुरानं भरला, तर मामा, त्यांचे कारागीर, मी आणि माझी माणसं यांना तेवढा एकच रस्ता. शेटच्या दुकानाचं एक दार याच बोळात निघायचं. रमजान आला, ईदचा माल आला, दुकानात जागा पुरेना. शेटनी बोळात लोखंडी रॅक उभे केले, कापडाचे तागे रचले आणि दार त्यांच्यामागे गेलं.

बाईंनी वास घेत घेत तो बोळ गाठला आणि तिथंच उभ्या राहिल्या.

शेट माणूस वाईट नव्हते, हे सांगायला हवं. गोड बोलायचे, अडीअडचणीला धावून यायचे. "बाई, ईद तक. फिर सब खाली. मफी मुश्किल." म्हणजे काही अडचण नाही. बाई मालकांकडे गेल्या. मालक जुन्या बाजारातले, हिंदी फर्मास बोलायचे. त्यांनी गहवा, म्हणजे इथली कडू कॉफी, पाजला आणि म्हणाले, "इंशाल्ला हो जाएगा बाई."

"मालिक, अल्ला की मर्जी तो है ही," बाई म्हणाल्या. "आपकी क्या है, वो बोलो."

मालक हसले आणि अजून एक खजूर पुढे केला. दार मालकांचं, माल शेटचा, बोळाची देखरेख बाईंची. प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर, आणि दार बंद. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवसापासून बाई शेटच्या दुकानात जाऊन बसू लागल्या. खुर्ची बोळाच्या तोंडाशी, मांडीवर मेथीची जुडी. भांडण नाही, आवाज नाही. मेथी निवडायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकांशी बोलायच्या. "ह्यो रंग न्हाई शोभायचा तुमास्नी. तो मोरपंखी बघा." बायकांना वाटलं, दुकानाच्या मालकीणबाई याच. त्या सांगतील तो कपडा घ्यायच्या. विक्री इतकी वाढली की शेटनी त्यांच्यासाठी गादीची खुर्ची आणली.

"बाई, आप रोज आओ."

"दरवाजा खोलो, रोज आएगी."

दार मात्र उघडलं नाही. आणि आम्ही सगळे हसत होतो तरी एक गोष्ट आम्हाला ठाऊक होती. बाईंचा आणि मालकांचा करार त्याच सुमारास संपत होता. शेटनी मालकांच्या कानावर घातलं होतं की अख्खी इमारत आपल्याला घ्यायला आवडेल. तीन पिढ्यांचे संबंध होते. शेटना जितकं दुखवावं, तितकी इमारत बाईंच्या हातून निसटणार होती. मुलीच्या घरात त्या पाहुण्या होत्या. त्यांचं स्वतःचं म्हणावं असं इथं काही असेल, तर या तीन मजल्यांचं फिरणं. ते गेलं की मग भावाच्या बायकोबरोबरचा टीव्ही.

मी त्यांना समजवायला गेलो. "बाई, करार होऊ द्या. एवढे दिवस गप्प बसा. मग दाराचं बघू."

"मी बसते की गप्प," त्या मेथीचं पान खुडत म्हणाल्या. "आगीला पण सांगा, बस म्हणावं."

करार नवा व्हायचा तर इमारतीचं अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र हवं. ते आमच्या सगळ्यांच्या सीआरलाही लागायचं. सीआर म्हणजे धंद्याची नोंदणी. ती अडकली की माणसांचे व्हिसा अडकतात. माझ्या ऑफिसातल्या दोन मुलींच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. तपासणी ठरली. त्या सकाळी शेटच्या माणसांनी रॅक उचलले, तागे पिकअपमध्ये भरले, बोळ धुतला, वर उदबत्ती लावली. आपल्याकडे मंत्री यायच्या दिवशी रस्ता होतो, तशातला प्रकार. सगळ्या बाजारात हे असंच चालतं आणि सगळ्यांना ते माहीत असतं.

अधिकारी तरुण होता, गणवेशातला, अदबीनं बोलणारा. त्यानं घंटा तपासली, सिलिंडर बघितले, मागचा जिना उतरला, दार ढकललं. दार उघडलं. गल्लीतला उन्हाचा पट्टा बोळात आला. तो कागदावर काही लिहिणार, तेवढ्यात बाई पुढे झाल्या.

"साब, कल आओ."

"क्यों? क्या है कल?"

"आज साफ है. कल बंद होएगा. रोज बंद होता है."

मी डोळे मिटून घेतले. शेट हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "बाई मजाक करती है, साहब." अधिकाऱ्यानं दोघांकडे पाहिलं. मग पेन खिशात ठेवलं आणि "शुक्रन" म्हणून निघून गेला.

"बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात!" मी जिन्यात जवळजवळ ओरडलो. "कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"मुठीत इंगळ असला तर?" त्या म्हणाल्या. "झाकून काय करता? हातच भाजंल की."

अधिकारी दोन-तीन दिवसांनी न सांगता आला. रॅक जागेवर होते. प्रमाणपत्र थांबलं. माझी सीआर थांबली, मामांची थांबली. मला बाईंचा इतका राग आला की मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्या सकाळी दारात उभ्या राहून वास घ्यायच्या आणि मी मान वर करत नसे. मामा तेवढे म्हणाले, "साहेब, मागच्या जिन्यानं उतरायचं आपल्यालाच हाय. शेट तर तळालाच आसतो." हे मला त्या दिवशी ऐकायचं नव्हतं.

मालक स्वतः आले. शेटच्या दुकानात गादीच्या खुर्चीवर बसले. आम्ही सगळे उभे होतो. त्यांचा आवाज चढला नाही, पण चेहरा उतरला होता.

"बाई, बाजार में मेरा नाक कट गया."

"मालिक, नाक गया. जान नहीं गया किसी का."

मग मालक म्हणाले, की शेटची माफी मागा, पुढच्या वेळी असं करणार नाही म्हणा, तुमच्या यजमानांच्या आठवणीखातर करार तुम्हालाच देतो. मला वाटलं, झालं, संपलं. माफीच तर मागायची होती. बाईंनी किल्ल्यांचा जुडगा काउंटरवर ठेवला.

"बिल्डिंग शेट को दो मालिक. खुशी से दो. पर करार में अलग से लिखो, पीछे का दरवाजा शेट का. खुला रखना उसका काम. बंद दिखा तो पकड़ना उसको."

शेटना वाटलं असावं, स्वस्तात पडलं. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला.

मालकांनी शब्द पाळला. करारात तो मजकूर वेगळा, ठळक, अरबी आणि इंग्रजी दोन्हीत घातला. मी तो वाचला आहे. आणि सहीची शाई वाळायच्या आत शेटनी बोळातला माल काढला, बाजारापासून लांब सीत्र्याला गोदाम घेतलं, दाराला तेल दिलं. कारण आता अधिकारी न सांगता आला, तर तो त्यांनाच विचारणार होता. इतके दिवस बाई बसल्या, बोलल्या, मेथी निवडली, आणि जे झालं नाही, ते शेटच्या नावावर दार लागल्याबरोबर झालं. प्रमाणपत्र आलं. माझी सीआर झाली, मुलींचे व्हिसा झाले. मला पेढे वाटावेसे वाटले नाहीत.

ताबा द्यायच्या दिवशी बाईंनी शेटना अख्खी इमारत फिरवली. दुपारी बाजार मिटलेला, गल्लीत चिटपाखरू नाही. तळापासून गच्चीपर्यंत प्रत्येक दार, प्रत्येक बटण, प्रत्येक मशीन. मामांच्या इस्त्रीपाशी त्या जास्त वेळ थांबल्या. "ये लोग काम बंद करके जाता है, तो ये देखने का. हात लगाके देखने का. गरम है तो आप घर नहीं जाने का." शेट मान डोलवत होते, मध्येच माझ्याकडे बघून डोळा मारत होते. शेवटी पायरीवर बसून बाईंनी बूट सोडले, पाय मोकळे केले आणि म्हणाल्या, "चला. आजपासनं मी सुखानं झोपनार."

मला तेव्हा भडभडून आलं. राग होता, अजूनही थोडा आहे, पण त्या पायरीवरच्या म्हाताऱ्या बाईकडे बघून मला कळलं की या इमारतीत आमची काळजी करणारं कोणी उरलेलं नाही. मी म्हटलं, "बाई, चहा घेऊन जा." त्या म्हणाल्या, "तुमचा चहा लई पातळ आसतोय," आणि प्यायल्या.

कोल्हापूरला त्या गेल्या नाहीत. सनाबिसमध्ये मुलीकडेच आहेत. नातीला सांभाळतात, मला अधूनमधून निरोप पाठवतात, एवढंच.

दीडेक महिना झाला असेल. एका सकाळी शेट वर माझ्या ऑफिसात आले. ते कधी वर येत नसत. डोळे तांबारलेले. खुर्चीत बसले आणि कपाळ चोळत राहिले.

"साहब, नींद नहीं आती."

"तब्येत?"

"तब्येत ठीक है. घर जाता हूँ, खाना खाता हूँ, बिस्तर पे लेटता हूँ. फिर दिमाग में आता है, मामा ने इस्त्री बंद किया कि नहीं. बीवी बोलती है, पागल हो गए. कल मैं कपड़े पहनके वापस आया देखने. बंद थी." ते थोडं थांबले. "तीन पीढ़ी से दुकान है मेरी यहाँ. कभी ऐसा नहीं हुआ. बाई को फोन लगाओ ना. पूछो, वो क्या करती थी."

मी बाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. शेटनी सगळं पुन्हा सांगितलं. पलीकडे नातीचं कार्टून चालू होतं. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"कल का इस्त्री बंद था शेट," त्या म्हणाल्या. "परसों का भी. मेरे को मालूम है."

"आपको कैसे मालूम?"

मग त्या मराठीत आल्या, म्हणजे माझ्याशी बोलू लागल्या. "मामास्नी मी फोन करते न्हवं. रोज. दुकान मिटायच्या टायमाला. त्यांनी सांगितलं न्हाई तुमास्नी? नगा सांगू म्हटलं होतं मीच."

मी शेटना हिंदीतून सांगितलं. शेट फोनकडे बघत राहिले. मग पुढे वाकून, फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाले, "बाई, कल से फोन मैं करूँगा. आप सो जाओ."

पलीकडे बाईंनी कार्टूनचा आवाज बारीक केला.

"करा," त्या म्हणाल्या. "पण पुणेकर, त्यास्नी सांगा, थोडे दिवस मी बी करते. जमतंय का बघू."

त्याला आता वर्ष होत आलं. मामांना रोज संध्याकाळी दोन फोन येतात, एक तळमजल्यावरून आणि एक सनाबिसहून. मामा कधी कुरकुरत नाहीत. इस्त्रीवर तळवा ठेवतात, मग दोघांनाही तेच सांगतात, "थंड हाय. झोपा."